सूपभर कोंड्याची पोर

वजनकाट्याचा काटा आठ किलो दोनशेवर थांबला. मी झोळी उतरवली, काटा शून्यावर आणला आणि पोरीला पुन्हा टांगलं. ती पाय झाडत होती, हसत होती. आठ दोनशेच.

"काय वं बाई, काट्यावर राग काढताय जणू," शेवंता दारातून म्हणाली.

ती आत येत नव्हती. तिची सासू, हौसाक्का, जाऊन आज दुसराच दिवस होता आणि सुतकातली बाई आमच्या उपकेंद्रात पाय ठेवायची नाही.

"परवा आठ चारशे होती," मी म्हणाले.

"हागली-मुतली आसंल."

"दोनशे ग्रॅम?"

ती पदर सारखा करत उभी राहिली. मग म्हणाली, "सांगाया आले हुते. पोरीला बी सुतक हाय. दहावं हुईस्तवर तिच्या अंगाला त्याल लावू नका. नवं कापड घालू नका."

मला हसू आलं. काळजीत असताना आलेलं हसू असतं तसलं, कोरडं. "शेवंता, सासू तुझी गेली. माझ्या पोरीला सुतक कसं लागेल?"

"पोरगी आत्याबाईंची हाय बाई," ती शांतपणे म्हणाली. "वरीस कुठं भरलंय आजून?"

वर्ष भरायला आठ दिवस होते. मी बोटांवर मोजलं आणि माझ्या ध्यानात आलं की हौसाक्काचं दहावं आणि पोरीचा पहिला वाढदिवस एकाच दिवशी येत होता.

हे सगळं काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, नर्सबाई शिकलीसवरलेली आणि बोलते काय.

मी माळेवणला नर्स म्हणून आले तेव्हा हौसाक्का त्या डोंगरातल्या पाच वाड्यांची सुईण होती. सरकारी नर्स आणि गावची सुईण म्हणजे सवती सवती. पहिली दोन वर्षं ती मला 'सुईटोची' म्हणायची आणि मी तिच्या हातातला विळा पाहिला की बाळंतिणीच्या घरातच भांडायला उभी राहायचे. मग कधीतरी एका अडलेल्या बाईपाशी आम्ही दोघी अख्खा दिवस बसलो. बाई सुटली, बाळ रडलं, आणि हौसाक्का मला म्हणाली, "तुझी कातर चांगली. पर हात माझाच." तेव्हापासून आमचं जमलं.

दुसऱ्यांची पोरं मी जगवत होते. माझी जगत नव्हती. पहिला मुलगा साडेदहा महिन्यांचा होऊन गेला. दुसरी मुलगी अकरा महिन्यांची. ताप नाही, जुलाब नाही. खायची, खेळायची, आणि वजन उतरत जायचं. जिल्ह्याच्या गावी दाखवलं, पुढे आणखी मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळेला कागदावर वेगळं नाव लिहिलं गेलं आणि दोन्ही वेळेला डॉक्टर माझ्या नजरेला नजर देईनात. गावातल्या शेकडो पोरांची वाढीची कार्डं मी भरलेली. माझ्या घरातल्या कार्डाचा बाराव्या महिन्याचा रकाना मात्र दोनदा कोरा राहिला होता.

तिसऱ्या खेपेला माझं बाळंतपण हौसाक्कानं केलं. नर्सबाईचं बाळंतपण सुईणीच्या हातून! आमच्या वरिष्ठ बाईंना कळलं असतं तर माझी बदलीच झाली असती. बाराव्या दिवशी हौसाक्का दारात आली, कडेवर सूप घेऊन. सुपात गव्हाचा कोंडा.

"उंबऱ्यात बस," ती म्हणाली. "आन् इचार, कुनी घेतं का पोर म्हनून."

"आक्का, हे काय आता?"

"इचार म्हनते न्हवं? ज्याची पोरं जगत न्हाईत त्यानं आपली म्हनून ठेवू न्हाई. माझी सात हायती, साती जित्ती. माझ्यात आठवी खपंल."

ह्यांनी कपाळावर हात मारला. हे म्हणजे माझे यजमान, एस.टी.त कंडक्टर होते, आठवड्यातून दोन मुक्काम घरी असायचे आणि देवधर्म, सोवळंओवळं त्यांना तिकीट न काढलेल्या माणसासारखं नकोसं वाटायचं. पण त्या दिवशी तेही काही बोलले नाहीत. दोन पोरं पुरलेला बाप किती बोलेल?

मी उंबऱ्यात बसून विचारलं. हौसाक्कानं सूप माझ्यापुढे ठेवलं आणि पोर उचलून पदराखाली घेतली. मग अंगणात चार पावलं जाऊन परत आली आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं.

"माझी पोर हाय. कोंडाबाई. तुझ्याकडं संबाळाया ठेवलीया. दूध तुझं, दवाखाना तुझा. पर कोडकौतिक माझं. पालथी पडली तर पुऱ्या माझ्या घरात तळायच्या. दात आला तर घुगऱ्या मी वाटनार. तू 'माझी' म्हनायचं न्हाई. वरीस भरलं की हा कोंडा मला माघारी दे, मी माझ्या हातानं पोर तुझ्या वटीत घालीन."

कोंडा मी पत्र्याच्या डब्यात भरून ठेवला. आणि खरं सांगते, मनातून मला फार बरं वाटलं.

पहिले काही महिने मजेतच गेले. एके सकाळी शेवंता पुऱ्यांची परात घेऊन आली. मी म्हटलं, "अगं, पालथी कुठे पडलीय अजून?" ती म्हणाली, "आत्याबाईंनी तळाया लावल्या." संध्याकाळी मी बाळाला घोंगडीवर ठेवून भांडी घासत होते, मागे वळून पाहिलं तर पालथी पडून मान उचलून बघतेय माझ्याकडे. दाताचंही तेच. घुगऱ्या सकाळी आल्या, दात दुपारी हाताला लागला. रांगायच्या दिवशी तर हौसाक्कानं आधीच येऊन माझी चूल लाकडी फळीनं अडवून ठेवली. मी म्हणायचे, चाळीस वर्षं पोरं हाताळलेल्या बाईला कळायचंच. तेच मी ह्यांनाही सांगितलं. ह्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून हौसाक्का आली की ते परसात जाऊन बसू लागले.

रोज तिन्हीसांजेला ती यायची. कनवटीतून काजळाची डबी काढायची. काजळ तिचं घरचं, तुपाच्या दिव्यावर धरलेलं, जाडसर. पोरीच्या डाव्या तळपायाला त्याची तीट लावायची, तिच्या तळहातावर बोट फिरवून काहीतरी पुटपुटायची, आणि पोरगी खदखदून हसायची. हौसाक्काच्या तोंडाला मिश्रीचा वास. पोरीच्या जावळालाही तो लागायचा. मला त्याचा राग यायचा. माझ्या पोरीला दुसऱ्या बाईचा वास येत होता.

आणि मग मी भांडले.

वाढदिवसाला वीसेक दिवस राहिले होते. बारा महिने पुरे होणार होते, माझ्या घरात पहिल्यांदा. मी वेडी झाले होते म्हणा ना. तालुक्याला जाऊन गुलाबी झालरीचा फ्रॉक आणला. बेकरीत केक सांगितला, त्या काळी माळेवणात केक कुणी पाहिलेलासुद्धा नव्हता. फुगे आणले. आणि हौसाक्का म्हणाली, "वाढदिस माझ्या घरात व्हईल. औक्षण मी करीन. सांजच्याला तुझ्या वटीत घालीन."

"आक्का, एवढा वाढदिवस मला करू द्या. माझ्या घरात."

"वरीस भरू दे."

"त्याच दिवशी भरतंय ना? सकाळी घेते परत, संध्याकाळी वाढदिवस करते. काय फरक पडतो?"

"पडतो. मावळल्याबिगर दिस भरत न्हाई."

एका संध्याकाळचा प्रश्न होता हो. एका संध्याकाळचा! पण मी अकरा महिने गप्प राहिले होते. पुरी दुसरीची, घुगरी दुसरीची, 'माझी' म्हणायची सोय नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोंड्याच्या बदल्यात पोर कोण देतं का आक्का? तुमच्या समाधानासाठी केलं ते. खेळ होता नुसता."

हौसाक्कानं काजळाची डबी कनवटीला खोचली.

"माझ्या समाधानासाटी," ती म्हणाली. "बरं."

त्यानंतरही ती रोज आली. तीट लावली, हात फिरवला, गेली. माझ्याशी शब्द नाही. मला वाटलं, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जाऊन पाया पडेन, मिटवून टाकीन. आपण नेहमी असंच धरून चालतो. नऊ दिवस आधी ती चुलीपुढे बसल्या जागी कलंडली. मी धावत गेले तेव्हा हात अजून गरम होता, पण नाडी नव्हती.

तर असं होतं. म्हणून शेवंता दारात उभी राहून सुतक सांगत होती आणि मी काट्याकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीला अंघोळ घालायला घेतली आणि तिच्या डाव्या तळपायावर तीट दिसली. ओली, जाडसर. मी बोटानं पुसली तर बोट काळं झालं. माझ्या घरातलं काजळ विकतचं, गुळगुळीत. ते हे नव्हे.

मी तशीच शेवंताकडे गेले. "तू आली होतीस काय गं माझ्या घरात?"

"सुतकात कुठं येऊ?"

"मग पोरीच्या पायाला काजळ कुणी लावलं?"

शेवंता पिठाची परात सोडून उठली. तिचा चेहरा उतरला. "आत्याबाईंची डबी त्यांच्यासंगट दिली बाई. चितंवर. म्या माझ्या हातानं ठेवली."

मी पाय साबणानं घासून धुतला. त्या दिवशी दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या आणि भर दुपारी पाळण्यासमोर मांडी घालून बसले. पोरगी जागी होती. तिनं उजवा हात पुढे केला, तळवा उघडा धरला, आणि खदखदून हसायला लागली. हसता हसता तळहात आक्रसून घ्यायची, पुन्हा उघडायची. माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या उजव्या खांद्याच्या जरा वर बघत होती. मी दूध उतू जातंय म्हणून चुलीपर्यंत गेले, दहा पावलं, आणि परत आले. डाव्या पायावर तीट होती. खोलीत मिश्रीचा वास येत होता.

मला रडू फुटलं. भीतीनं नव्हे, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, मेल्यावरही ही बाई माझ्या पोरीला माझ्याकडे बघू देत नाही.

चौथ्या दिवशी आठ किलो. पाचव्या दिवशी सात नऊशे.

ह्यांना निरोप धाडला, ते रजा टाकून आले, आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. "बाळ खातंय का?" "खातंय." "खेळतंय?" "खेळतंय." डॉक्टर तरुण होते, माझ्या ओळखीचे. त्यांनी कार्ड उघडलं, रेघेवर पेन टेकवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. "सिस्टर, आधीच्या दोघांचे कागद आहेत का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं, आणि मग माझ्या नजरेला नजर देईनात.

परत येताना एस.टी.त हे खिडकीकडे तोंड करून रडत होते. त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच ओळखीच्या कंडक्टरसमोर.

घरी आल्या आल्या मी कोंड्याचा डबा काढला आणि पोरीला कडेवर मारून शेवंताच्या दारात गेले.

"हा घे कोंडा. माझी पोर मला परत दे."

"बाई, देनारी गेली. म्या कशी देऊ?"

"तू घरातली थोरली सून. तुझा अधिकार आहे. दे."

"न्हाई वं बाई. आसं नगा करू. इस्कोट व्हईल."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती घाबरली, दोन पावलं मागे सरली. शेवटी रडत रडत तिनं सूप पुढे केलं, मी कोंडा ओतला, आणि तिनं पोरीला उचलून माझ्या ओटीत ठेवलं. पोरगी तोपर्यंत माझ्या वेणीशी खेळत होती. ओटीत पडली मात्र, आणि किंचाळली. तसलं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं, हजार पोरांचं रडं ऐकलेल्या माझ्या कानांनी. सुपातला कोंडा वाऱ्यानं उडाला. तसा वारा काही नव्हता, अंगणातली वाळत घातलेली लुगडी हालत नव्हती, पण सूप हातात रिकामं राहिलं. शेवंतानं ते उंबऱ्याला उपडं टेकवलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काट्यावर सात पाचशे. एका दिवसात चारशे ग्रॅम. माझा पहिला मुलगा गेला तेव्हा त्याचं वजन सात एकशे होतं. मुलगी गेली तेव्हा सात. माझ्या हातात किती दिवस आहेत हे मला चांगलं कळत होतं. तेवढंच तर शिकले होते मी.

नवव्या दिवशी सात दोनशे.

त्या दुपारी शेवंता पुन्हा दारात आली. "उंद्या दहावं हाय. पोरीला घिऊन या घाटावर. तिलाबी पान्याचा हात लावाया पायजे. आत्याबाईंची लेक हाय ती."

हे संतापले. "अजून काय काय करायचं आहे तुम्हाला? पोर मरतेय आमची!" शेवंता मान खाली घालून उभी राहिली. मी मात्र म्हणाले, "येते."

दहाव्याच्या सकाळी नदीवर सगळी वाडी जमली होती. हौसाक्काचा थोरला मुलगा, श्रीपती, डोकं भादरून उघड्या अंगानं बसला होता. पिंड मांडले होते. भटजींचं आटोपलं आणि सगळे जण मागे सरून करंजाच्या झाडाकडे बघायला लागले. झाडावर कावळे होते. वीसपंचवीस तरी असतील. एकही ओरडत नव्हता.

मी बाजूला, दगडाच्या टेपाडावर उभी होते. पोरगी कडेवर. हलकी. कडेवर काही आहे की नाही असं वाटावं इतकी हलकी.

अर्धा तास गेला. श्रीपती पुढे झाला. "आये, म्हस इकायची न्हाई. तुझ्या नावानं ठेवतो." कावळे बसलेले.

"धाकटीचं लगीन मीच करून दीन, आये." काही नाही.

"देवळाचा वटा बांधीन." काही नाही.

धाकटे भाऊ पुढे झाले, सुना झाल्या, हौसाक्काची म्हातारी बहीण काठी टेकत आली आणि तिनं लहानपणीचं कसलंतरी भांडण मागे घेतलं. तास झाला, दीड तास झाला. ऊन चढलं. पुरुषांत कुजबुज सुरू झाली, दर्भाचा कावळा करून उरकून घ्या म्हणून.

"न्हाई," शेवंता मोठ्यानं म्हणाली. आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे वळून बघितलं. "बाई, तुमी बोला."

सगळी माणसं वळली. आणि मी झाडाकडे पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की कावळे पिंडांकडे बघतच नव्हते. सगळ्यांच्या माना वाकड्या आमच्या टेपाडाकडे होत्या. कडेवरच्या पोरीनं हात पुढे केला होता, तळवा उघडा. ती हसत नव्हती आता. तिच्यात हसायचं बळ राहिलं नव्हतं.

मी टेपाडावरून उतरले. पिंडांपासून चार हातांवर उभी राहिले. हात जोडता येत नव्हते, कडेवर पोर होती.

"आक्का," मी म्हणाले, "चुकले मी. खेळ म्हणाले, ते खोटं होतं. माझ्याचसाठी केलं होतंत तुम्ही. वर्ष आज भरतंय. माझी पोर मला द्या."

करंजावरून एक कावळा उठला, आणि नदीपलीकडे निघून गेला. मग दुसरा. मग चारसहा एकदम. फांद्या रिकाम्या होत चालल्या. कडेवर पोरीची मान माझ्या खांद्यावर पडली आणि तिचा श्वास माझ्या गळ्याला लागेना.

तेव्हा मला कळलं, काय मागितलं जातंय ते. मला पटकन कळलं याची आजही लाज वाटते, कारण याचा अर्थ ते मला आधीपासूनच माहीत होतं आणि मी नऊ दिवस त्याच्याकडे पाठ करून बसले होते. सात एकशे, सात. पोर जगली पाहिजे होती. माझी असो नसो.

"आक्का," मी म्हणाले. "पोर तुमची. माझी नाही. कधीच मागणार नाही. दूध माझं, दवाखाना माझा. सांभाळीन. पण माझी म्हणणार नाही. मरेपर्यंत म्हणणार नाही."

शेवटचा शब्द तोंडातच होता. डोक्यावरून वारं गेल्यासारखं झालं आणि कावळे पिंडावर तुटून पडले. एक नाही, सगळे. जे नदीपलीकडे गेले होते तेही. श्रीपती "शिवला, शिवला!" म्हणून रडायला लागला. बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहायचं धाडस कुणाला होतं? माझ्या खांद्यावर पोरीनं एक मोठा सुस्कारा टाकला, आणि माझा गळा ओला झाला. तिला लाळ सुटली होती. तिला भूक लागली होती.

पुढचं आधी सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी काटा सात तीनशेवर थांबला आणि महिन्याभरात रेघ आपल्या जागी आली. कार्डाचा बारावा रकाना मी भरला, आणि त्यापुढचे सगळे. कोंडाबाई आज तेहतीस वर्षांची आहे. दोन मुलांची आई आहे. माझ्याच घरात वाढली, माझ्याच हातचं जेवली. आक्कांच्या मागे त्या घरची थोरली म्हणून शेवंताला ती आई म्हणते. मला सगळं गाव म्हणतं तेच म्हणते, बाई. ह्यांनी मला कैक वर्षं विचारलं, "कावळ्यांना घाबरून स्वतःची पोर दिलीस?" मी म्हणायचे, "हो." आणखी काय सांगणार होते?

पण त्या संध्याकाळचं राहिलंच.

सुतक फिटलं होतं. घर सारवून शेवंतानं वाढदिवस मांडला, तिच्या घरात. मी गुलाबी फ्रॉक घेऊन गेले, पाहुण्यांनी आणावा तसा, कागदात गुंडाळून. तो शेवंतानं पोरीला घातला. पाटावर बसवून तिनं औक्षण केलं, तिच्या तोंडात साखर घातली. केक ह्यांनी आणला होता. तो कुणाला कापता येईना, शेवटी श्रीपतीनं विळीवर कापला आणि सगळ्या बायांच्या हातावर चिकट चिकट ठेवला. हसल्या सगळ्या. मी उंबऱ्याबाहेर, ओसरीवर उभी होते. मला आत बोलावलं होतं, मीच गेले नव्हते.

सूर्य डोंगराआड गेला आणि पोरगी पाटावरून उठली.

कशाला न धरता उठली. तोवर ती भिंतीला धरून उभी राहायची, बस. तिनं डावा हात वर केला, डोक्याच्या जरा वर, आणि मूठ वळली. पोरं मोठ्या माणसाचं बोट धरतात तशी. आणि चालायला लागली. एक पाऊल, थांबली. वर बघून हसली, कुणीही नव्हतं तिथे. दुसरं पाऊल. खोलीतल्या बाया जागच्या जागी सरकल्या, वाट सोडत गेल्या, जितकी पोरीला लागली असती त्याहून रुंद वाट. पोरगी चालत चालत उंबऱ्यापाशी आली, अगदी माझ्यासमोर, आणि थांबली.

तिची मूठ अजून वरच होती. मग ती उघडली आणि हात सावकाश खाली आला.

तिनं दोन्ही हात माझ्याकडे केले.

माझं सगळं अंग पुढे झुकलं. शेकडो पोरांच्या कार्डावर मी लिहिलं होतं, 'चालू लागले', तारीख, सही. त्या पोरांच्या आया ओरडायच्या, टाळ्या पिटायच्या, चालली गं बाई माझी चालली. ते शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. आतल्या सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि पोरीच्या मागे, जिथे कुणी नव्हतं, तिथूनही कुणीतरी बघत होतं.

"शेवंता," मी म्हणाले, "तुझी पोर चालायला लागली गं."

एवढं म्हटलं, आणि मगच तिला उचललं.